वाजवता वाजवता वाद्य बदलते, ते कसे?

रंगमंचावर वादक एकच कीबोर्ड घेऊन बसलेला असतो. तो पियानो वाजवत असतो, मध्येच एक बटण दाबतो आणि त्याच पट्ट्यांतून सनई ऐकू येऊ लागते. हे आवाज आज पुष्कळदा कीबोर्डात नसतातच. शेजारच्या संगणकातील आज्ञावली ते निर्माण करते. मग कीबोर्डाकडून संगणकाकडे काय जाते? आवाज जात नाही. जातो तो केवळ एक क्रमांक. या क्रमांकाची कथा आपण येथे पाहू.

खुंट्या, तारा आणि स्मृती

एकाच पट्ट्यांवर अनेक आवाज काढण्याची कल्पना जुनी आहे. युरोपातील चर्चच्या ऑर्गनला नळ्यांच्या अनेक रांगा असतात. खुंटी ओढली की त्या रांगेला हवा मिळण्याची वाट मोकळी होते व आवाज बदलतो. वादकाचे हातपाय गुंतलेले असल्यामुळे मोठ्या रचनांच्या वेळी खुंट्या ओढायला मदतनीस उभा राहतो. आपल्या संगीत नाटकांत साथीला असलेल्या ऑर्गनलाही अशा खुंट्या होत्या. तेथे नळ्यांच्या जागी धातूचे सूर.

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर पुढे आणला. त्यातील विद्युत्-मंडले तारांनी एकमेकांना जोडून आवाज घडवावा लागे. या जोडतारांवरून ‘पॅच’ हा शब्द रूढ झाला आणि तारा गेल्यानंतरही टिकला. दुसरा आवाज हवा तर तारा उपसून नव्याने जोडा आणि बटणे पुन्हा फिरवा! वादक बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवीत.

१९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीने ‘प्रोफेट-५’ हे वाद्य काढले. त्यातील मायक्रोप्रोसेसर बटणांच्या स्थितीचे आकड्यांत रूपांतर करून ते स्मृतीत साठवी. आरंभी असे ४० आवाज साठवता येत. आवाजाला आता क्रमांक मिळाला होता. परंतु तो त्या एका वाद्यापुरता.

सर्वांची एक भाषा

एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नव्हते. स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनी १९८१ साली एका समाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी याच दिशेने प्रयत्न करीत होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे एक वाद्य व रोलँडचे एक वाद्य केबलने जोडून दाखवण्यात आले. त्याच वर्षी ‘मिडी’ हे मानक प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागले नाही. म्हणूनच त्या काळातला कीबोर्ड योग्य जोडणी केल्यास आजच्या संगणकाशीही बोलू शकतो.

मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. दहा लाखांना ३२ ने भागले की हीच संख्या येते. त्या काळच्या स्वस्त उपकरणांना ही विभागणी सोयीची होती. प्रत्येक बाइटचे आठ बिट आणि आरंभ व शेवट दाखवणारे दोन, असे दहा बिट पाठवावे लागतात. आवाज बदलण्याचा संदेश दोन बाइटचा असतो. पहिल्याची सुरुवात ११०० ने होते. उरलेले चार बिट १६ पैकी कोणती वाहिनी ते सांगतात. दुसऱ्यात आवाजाचा क्रमांक असतो. एकूण २० बिट, म्हणजे ०.०००६४ सेकंद. इतका उशीर कानाला कळत नाही.

दुसऱ्या बाइटचा पहिला बिट नेहमी शून्य असतो. त्यावरून ही आज्ञा नसून माहिती आहे हे ओळखू येते. उरले सात बिट. दोनाचा सातवा घात १२८, म्हणून आवाजही १२८! पुढे आवाजांची ‘पेढी’ निवडणारा संदेश आला व ही मर्यादा सैल झाली, पण मूळ १२८ राहिलेच.

क्रमांकाचा अर्थ कोण ठरवणार?

तोच क्रमांक एका वाद्यात बासरी, तर दुसऱ्यात ढोल असू शकत होता. म्हणून १९९१ साली ‘जनरल मिडी’ ही समाईक यादी ठरली. तीत पहिला पियानो, ४१ वे व्हायोलिन, १०५ वी सतार आणि ११२ वी सनई. तबल्याला मात्र यादीत जागा मिळाली नाही. १२८ घरांत जगातील सर्व वाद्ये मावणार नव्हती, आणि कोणाला घर द्यायचे हे यादी करणाऱ्यांनीच ठरवले.

येथे एक गमतीचा घोटाळाही होतो. यादी १ पासून मोजते, तर तारेतील आकडा ० पासून. सनईसाठी तारेतून १११, म्हणजे ०११०११११, जायला हवा. सरळ ११२ पाठवला तर सनईऐवजी किणकिणणारी घंटी वाजते!

दाबून ठेवलेली पट्टी

१९९९ नंतर संगणकातील आभासी वाद्ये झपाट्याने पसरली आणि नवी अडचण पुढे आली. खऱ्या पियानोच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संच कित्येक गिगाबाइटचा असू शकतो. क्रमांक क्षणात पोचतो. पण संच स्मृतीत यायला काही सेकंद लागले तर गाणे थांबेल. म्हणून कार्यक्रमाला लागणारी सर्व वाद्ये आधीच स्मृतीत भरून ठेवतात आणि वाजवताना केवळ कोणते वाद्य ऐकायचे ते बदलतात.

तरी एक प्रश्न उरतो. वादकाने पियानोचा ‘सा’ दाबून ठेवला आहे आणि तेवढ्यात बटण दाबून सनई निवडली. आता त्याने पट्टीवरून बोट उचलले. मिडीत ‘स्वर सुरू’ आणि ‘स्वर बंद’ हे दोन स्वतंत्र संदेश आहेत. बंद करण्याचा संदेश नव्याने निवडलेल्या सनईकडे गेला, तर पियानोला तो कळतच नाही आणि त्याचा स्वर तसाच अडकून राहतो. चांगली आज्ञावली यासाठी नोंद ठेवते: जो स्वर ज्या वाद्यात सुरू झाला, त्याचा ‘बंद’ त्याच वाद्याला. नवे स्वर तेवढे सनईकडे जातात.

२०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. तीत पेढी व क्रमांक एकाच संदेशात पाठवता येतात.

वर्गात करून पाहा

पाच विद्यार्थ्यांना ‘वाद्ये’ करा आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्या. एकाने आधी क्रमांक पुकारावा, मग ‘सुरू’ आणि ‘बंद’. पुकारलेल्या वाद्याने ‘सुरू’ ऐकताच गुणगुणायला लागावे, ‘बंद’ ऐकताच थांबावे. एक जण गुणगुणत असतानाच दुसरा क्रमांक पुकारा आणि मग ‘बंद’ म्हणा. पहिला विद्यार्थी गुणगुणतच राहील. तो थांबावा म्हणून नियमात काय बदल करावा, हे मुलांनाच सुचवू द्या.