जर्सीचं देणं

फुटबॉलच्या एखाद्या जुन्या जर्सीची हुबेहूब प्रतिकृती काढायची, मोजक्याच जर्सी शिवायच्या, क्लबच्या चाहत्यांना विकायच्या आणि नफा रुग्णालयाला किंवा एखाद्या मदतनिधीला द्यायचा, ही रीत इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये आता चांगली रुळली आहे. जाड सुती कापड, लांब बाह्या, छातीवर एकही जाहिरात नाही. वरवर पाहता ही आजच्या बाजाराने काढलेली युक्ती वाटते. पण या जर्सीचं कूळ शोधायला गेलं, की दोन घराणी सापडतात. एक देण्याचं, दुसरं विकण्याचं. त्यातलं देण्याचं घराणं जवळजवळ नव्वद वर्षांनी थोरलं आहे.

१८८६ मध्ये लंडनजवळच्या वुलविच इथल्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी फुटबॉलचा संघ काढला. हौस होती, पण जर्सी घ्यायला पैसे नव्हते. त्यांच्यातले काही जण पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले. त्यांनी आपल्या जुन्या क्लबकडे शब्द टाकला आणि फॉरेस्टने लाल जर्सींचा अख्खा संच पाठवून दिला. हाच संघ पुढे आर्सेनल म्हणून नावाजला. फॉरेस्टचा लालही मूळचा घरचा नव्हेच. इटलीच्या गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्यातल्या स्वयंसैनिकांवरून तो घेतलेला. पुढच्याच वर्षी ग्लासगोत ब्रदर वॉल्फ्रिड या धर्मबंधूने सेल्टिक क्लबची स्थापना केली, ती शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला. म्हणजे या खेळात जर्सी दान मिळत होती आणि क्लबही दानासाठी निघत होते.

या घराण्यातली सर्वांत तेजस्वी जर्सी मात्र बायकांनी घातली. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन शहरातल्या डिक, कर कंपनीच्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या मुलींनी संघ उभा केला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी, निळी चड्डी आणि केस झाकायला पट्ट्यांचीच टोपी, हा त्यांचा वेश. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर त्यांनी जखमी सैनिकांसाठी सामना खेळला, तेव्हा सुमारे दहा हजार लोक जमले. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सुमारे ५३,००० प्रेक्षक आले आणि बेकार माजी सैनिकांसाठी तीन हजारांहून अधिक पौंड गोळा झाले. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ बायकांना मानवत नाही, असं कारण दिलं; शिवाय जमलेल्या पैशातला फार मोठा हिस्सा खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा पोहोचत नाही, असा ठपकाही ठेवला. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली.

जर्सीला आठवणीची किंमत आली ती १९४९ मध्ये. ४ मे रोजी इटलीच्या तोरिनो संघाचं विमान तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवर आदळलं. ३१ माणसं गेली, त्यांत १८ खेळाडू. लिस्बनमध्ये बेनफिकाच्या कर्णधाराच्या सन्मानार्थ सामना खेळून ते परतत होते. काही दिवसांतच ब्राझीलच्या कोरिंथियन्स संघाने तोरिनोच्या गडद लाल रंगाची जर्सी घालून सामना खेळला. २६ मे रोजी अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट संघ थेट तुरिनला आला आणि मृतांच्या कुटुंबांसाठी २-२ असा सामना खेळून गेला. त्यांच्याकडून गाजलेला खेळाडू दि स्टेफानोही मैदानात होता. २०११ मध्ये कोरिंथियन्सने तोच गडद लाल पुन्हा जर्सीवर आणला, तोरिनोच्या आठवणीसाठी. दुसऱ्याची जर्सी घालणं म्हणजे त्याच्या दुःखात उभं राहणं, हा अर्थ तिथे पक्का झाला.

विकण्याचं घराणं त्यामानाने अगदी अलीकडचं. मुलांसाठी फुटबॉलचे कपडे आधीही मिळत, पण साध्या लाल किंवा निळ्या जर्सीवर कुणाची मालकी सांगता येत नसे. कुणीही शिवावी, कुणीही विकावी. १९७४ मध्ये अ‍ॅडमिरल या इंग्लिश कंपनीने इंग्लंडच्या संघाशी करार केला आणि बाह्यांवर, गळ्याभोवती पट्ट्या आणि आपलं बोधचिन्ह लावलं. नक्षी कंपनीची, त्यामुळे विकण्याचा हक्कही तिचाच. पाठोपाठ छातीवर जाहिरात आली. १९७६ मध्ये केटरिंग टाउनने एका टायरवाल्याचं नाव लावलं, तेव्हा असोसिएशनने ते काढायला लावलं. १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आली, तोवर विरोध मावळत चालला होता. मग दरवर्षी नवी जर्सी, नवं कृत्रिम कापड, नवी किंमत.

या धबडग्याला कंटाळलेल्यांसाठीच १९९० मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला टॉफ्स ही कंपनी निघाली. जाहिरातीच्या आधीच्या काळातल्या सुती जर्सी ती नव्याने शिवू लागली. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. फोटो कृष्णधवल, आणि त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचांना लाल रंग जवळजवळ कळतच नसे: लाल जर्सी काळीकुट्ट उमटे, निळी फिकी पडे. म्हणून रंगासाठी वर्तमानपत्रांतली वर्णनं आणि सिगारेटच्या पाकिटातली रंगीत चित्रं धुंडाळावी लागतात. बोधचिन्हाचंही तसंच. अनेक क्लब ते फक्त चषकाच्या अंतिम सामन्यापुरतं लावत, तेव्हा एरवीच्या जर्सीवर ते शिवलं तर नक्कल खोटी ठरते. पाठीवरचे आकडे छापलेले नव्हेत, कापडाचे कापून शिवलेले. गळ्याला कुठे गुंड्या, कुठे नाडी.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली ती जर्सीच्या छातीवरच्या मोकळ्या जागेमुळे. २००६ मध्ये बार्सिलोनाने उलटा व्यवहार केला: युनिसेफचं नाव जर्सीवर लावलं आणि त्यासाठी वर्षाला १५ लाख युरो क्लबनेच युनिसेफला दिले. मँचेस्टर युनायटेडच्या संघाला म्युनिकमध्ये झालेल्या विमान अपघाताला पन्नास वर्षं झाली, तेव्हा फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचा संघ १९५८ च्या धाटणीच्या, जाहिरात नसलेल्या जर्सीत उतरला, पाठीवर १ ते ११ एवढेच आकडे. अशी जर्सी विकत घेणाऱ्याला आपण कुणाची जाहिरात करत नाही याचं समाधान मिळतं, आणि छोट्या क्लबलाही ती परवडते: आधी पैसे घ्यायचे, मागणी आली तेवढ्याच शिवायच्या, माल अंगावर पडत नाही.

आर्सेनलने तर याही पुढचं पाऊल टाकलं. जानेवारी २०२२ मध्ये तरुणांमधल्या चाकूहल्ल्यांविरुद्ध त्यांनी पूर्ण पांढरी जर्सी घातली, तीही नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर. सामना १-० ने हरले. ती जर्सी दुकानात आलीच नाही. वस्त्यांमध्ये चांगलं काम करणाऱ्यांनाच ती द्यायची, असं ठरलं.

सगळ्यांना हे जमणार नाही, आणि निधी हवा असेल तर विकावंच लागतं. फक्त विकणाऱ्याने किमतीतलं कापडाला किती, शिलाईला किती आणि रुग्णालयाला किती, हे सांगितलं पाहिजे. असोसिएशनने १९२१ मध्ये हिशेबाचा प्रश्न काढला तो बायकांना मैदानाबाहेर काढायला. आज तोच प्रश्न जर्सी घेणाऱ्याने दुकानात विचारावा.