सभेत खाली बसलेली माणसं

तळोद्याजवळच्या मोरवडला दर सोमवारी आरती असायची. आजीच्या माहेरची माणसं पायी जायची, कुणी आदल्या रात्रीच निघायचं. 1937-38चा तो काळ. तिथले गुलाम महाराज सांगायचे, दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि भेटेल त्याला ‘आप’ म्हणा. लहानथोर, बाईमाणूस, सगळे आप. वर्षभर ज्याला अरेतुरेशिवाय कुणी हाक मारली नव्हती, त्या सालदारापुढंही माणसं हात जोडू लागली. हे सांगताना आजीचे हात आपसूक जुळायचे. महाराज 1938 मध्ये गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढं चालवलं. 2 मार्च 1943 ला रावलापाणीत त्यांच्या अनुयायांवर इंग्रज सरकारनं गोळीबार केला. तिथल्या खडकांवरच्या गोळ्यांच्या खुणा गावकरी आजही दाखवतात.

महाराष्ट्रातल्या विचारवंतांची यादी शाळेत आम्ही पाठ केली, रानडे, आगरकर, पुढं बरेच. त्यात मोरवड कुठंच नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दबलेल्या माणसाला स्वतःकडं नव्या नजरेनं बघायला शिकवणं हे विचारवंताचं काम नाही, तर कुणाचं?

आमच्या पाड्यावरच्या थोरल्या काकांनी उमेदीची वर्षं सालदारकीत घालवली. साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरायचं. उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच दारात. बापाची जमीन गहाण पडलेली, तीच जमीन काका दुसऱ्याची म्हणून नांगरायचे. त्याच काळात पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजनं म्हणायचे, म्हणून तेही महाराज. काका सांगतात, भजनाला जमलेली माणसं उठेपर्यंत जमिनीचं, मजुरीचं बोलणं निघालेलंच असायचं. 1971 मध्ये पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भू-मुक्ती मेळावा झाला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

तेव्हा शहरातून शिकलेली पोरं आली. कुमार शिराळकर आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. ते आले आणि इथल्या शेतमजुरांचेच झाले, 2022 मध्ये जाईपर्यंत. अशा माणसाचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण काकांच्या आठवणीत ठसलंय ते वेगळंच. शहरातला कार्यकर्ता मराठीत बोलायचा. मग पाड्यावरचाच कुणी उठून तेच भिलोरीत सांगायचा. सांगताना अर्धं गाळायचा, पदरचं घालायचा. ‘शोषण’ वगैरे सगळं बाजूला राहायचं, आणि तो विचारायचा, दिवसभर निंदणी केली तर हातावर किती पडले, अन् पडायला किती पाहिजे होते? मग म्हातारे मधेच तोडायचे, आकडा चुकला म्हणून. बाया उठायच्या, म्हणायच्या, मजुरी वाढवून घ्याल आणि तीही दारूत घालाल, त्याचं काय? आणि पुढं बायांनीच दारूची मडकी फोडली. त्या बैठकांमध्ये विचार करण्याचं काम एकट्या बोलणाऱ्याकडं नव्हतं. त्याचं बोलणं समोरची माणसं तिथंच पारखून घेत होती.

त्याच चळवळीतून कवी वाहरू सोनवणे आले. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 चा. त्यांची ‘स्टेज’ नावाची कविता मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली, आणि रात्रभर झोप लागली नाही. आमच्याविषयी आमच्यासमोर दुसऱ्यांनीच बोलत राहावं, हा त्या कवितेतला सल आमच्या घरात तीन पिढ्यांचा होता. तो कुणी छापून आणेल असं वाटलं नव्हतं. चळवळीवर जीव असलेल्या माणसानंच हे लिहिलं, म्हणून ते जास्त खरं वाटलं.

आता नऊ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, तालुक्याच्या गावी मोठा मांडव पडतो. आपली मुलं-मुली माइकवर ठणकावून बोलतात, ते ऐकून ऊर भरून येतो. मात्र टीव्हीवर आमच्या प्रश्नांची चर्चा लागली की काका एकच विचारतात, “याला मधेच तोडणारं कुणी बसलंय का समोर?” मला आजच्या विचारवंताची खरी अडचण तीच वाटते. लाखो लोक ऐकतात, पण आकडा चुकला म्हणणारा म्हातारा त्याच्या समोर नसतो.

माझी पुतणी कायदा शिकते. सुट्टीत आली की वनहक्काच्या दाव्यांचे कागद घेऊन पाड्यावर बसते. 2006 चा कायदा ती आधी भिलोरीत सांगते, मग एकेकाचा नकाशा जमिनीवर पसरते. मागच्या खेपेला तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत एक आजीबाई पुढं सरकल्या. नकाशात नाला वावराच्या उगवतीला दाखवला होता. तो मावळतीला आहे, आणि त्याच्या काठचा महू आपल्या सासऱ्यानं राखलेला, असं त्यांनी ठासून सांगितलं. आणखी दोघांनी दुजोरा दिला. पुतणीनं कागद गुंडाळला, चपला घातल्या, आणि सगळे मिळून वावराकडं निघाले.