तळटीप १४ : ‘कपाळावरचे लाल दिवे’

१४. लेखकाला येथे अभिप्रेत आहे ती एफएनआयआरएसची टोपी, म्हणजे निकट-अवरक्त प्रकाशाने मेंदू पाहण्याचे साधन. बाह्यक हे मेंदूचे सुमारे २ ते ४ मिलिमीटर जाडीचे वरचे आवरण. त्याचा एखादा भाग कामाला लागला की तेथे गरजेपेक्षाही जास्त प्राणवायूयुक्त रक्त धाव घेते. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषते. परत आलेल्या प्रकाशावरून हा बदल कळतो. हे तत्त्व फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. प्रकाश बाह्यकाच्या वरच्या भागापर्यंतच पोचतो. भय, स्मृती यांच्या खोलवरच्या केंद्रांसाठी एफएमआरआयसारखे (चुंबकीय क्षेत्राने मेंदू पाहण्याचे) साधन लागते. त्यामुळे मूळ मजकुरातले ‘मनाचा फोटो’ हे वर्णन अलंकारिक समजावे. जपानमध्ये नैराश्य, द्विध्रुवी विकार आणि छिन्नमनस्कता यांतला फरक ओळखायला ही चाचणी वापरतात. रुग्णाला ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द भराभर सांगायला लावायचे आणि तेवढ्या वेळात कपाळामागे रक्त कसे चढते-उतरते ते पाहायचे. तिला तेथे २००९ मध्ये प्रगत वैद्यकीय तंत्र म्हणून मान्यता मिळाली आणि २०१४ पासून ती आरोग्यविम्यात आली. मात्र तीही पूरक म्हणूनच. निदान डॉक्टरांच्या मुलाखतीवरच ठरते. मूळ मजकुराच्या याच परिच्छेदात आलेले जुनवानी म्हणजे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून असलेली वस्ती. श्री शंकराचार्य समूहाचे अभियांत्रिकी महाविद्यालय तेथेच आहे.