मूलभूत तंत्रज्ञान (पाबळ)

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत इयत्ता ८वी ते १०वीसाठी आखलेला पूर्व-व्यावसायिक विषय. शाळांमध्ये तो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जातो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथील विज्ञान आश्रमात त्याची जडणघडण झाली आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९८७ साली त्याला मान्यता दिली. नावात तंत्रज्ञान असले तरी एखादा धंदा शिकवणे हा या विषयाचा हेतू नाही. हातांनी अनेक प्रकारची कामे करता करता मुलाने विज्ञान, गणित आणि व्यवहार शिकावा, अशी त्याची मांडणी आहे.

अभ्यासक्रमाचे जनक डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३). इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या कलबागांनी म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केले. ती नोकरी सोडून १९८३ साली ते पत्नी मीराताईंसह पाबळला राहायला गेले. पाबळ तेव्हा मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असलेले, एरवी पावसाची वाट पाहणारे अवर्षणग्रस्त गाव होते. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला.

विषयाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवड्यातला एक दिवस वर्ग या कामासाठी राखून ठेवतो. त्या दिवशी एक गट वेल्डिंग किंवा बांधकाम करतो, दुसरा दिवे-पंप यांची जोडणी आणि गोबरगॅस पाहतो, तिसरा माती तपासतो, कलमे बांधतो किंवा जनावरांचा खुराक मोजतो, चौथा स्वयंपाक, शिवण आणि रक्तगट-हिमोग्लोबिनच्या तपासण्या शिकतो. पुढे गट फिरतात. चारही विभाग सर्वांनाच करावे लागतात, त्यामुळे मुलगी वेल्डिंगचा चष्मा लावते आणि मुलगा भाकरी थापतो. समतेवरची स्वतंत्र व्याख्याने या अभ्यासक्रमाला कधी लागली नसावीत.

दोन निर्णयांमुळे हा विषय शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाहून वेगळा ठरतो. पहिला निर्णय कामाच्या खरेपणाचा. मुलांनी बनवलेले फाटक खरोखर कुणाच्या तरी कुंपणाला बसते, तपासलेली माती कुणाच्या तरी शेतातली असते. म्हणून प्रत्येक कामाआधी नकाशा, साहित्याची यादी आणि खर्चाचा अंदाज काढावा लागतो. लोखंडाचा भाव, वाया गेलेला तुकडा, मजुरी असे सगळे हिशेबात धरायचे असते. शेकडेवारी इथे पाठ करून भागत नाही, कारण ती चुकली की पैसे कमी पडतात. दुसरा निर्णय शिक्षकाविषयी. बी.एड. झालेल्या शिक्षकाला वेल्डिंग शिकवण्याऐवजी गावातल्या कारागिराला निदेशक म्हणून शाळेत आणावे, असे कलबागांचे धोरण होते. ज्याच्या हाताला काम येते त्याने शिकवावे आणि त्यामागचे विज्ञान विज्ञानशिक्षकाने सांगावे, अशी ही वाटणी आहे. कागदावर ती सोपी दिसते, पण शाळेच्या कर्मचारी-रचनेत अशा माणसाला जागाच नसते. निदेशकाचे मानधन हा या विषयाचा कायमचा दुखरा भाग राहिला तो त्यामुळेच.

कल्पनेचे मूळ १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यात, म्हणजे नई तालीममध्ये शोधले जाते. ते बरोबर आहे, पण साम्य ताणू नये. सेवाग्रामच्या शाळेत एखाद्या हस्तोद्योगाला, मुख्यतः सूतकताईला, केंद्रस्थानी ठेवून भाषा-गणित त्याभोवती गुंफले जाई. पाबळने केंद्रातला एकमेव उद्योगच काढून टाकला. लहान गावात एका कारागिरीवर वर्षभर पोट भरत नाही. तिथे टिकतो तो चार कामे जाणणारा माणूस, आणि मूलही बदलत्या कामांतून अधिक शिकते. हा तर्क गावच्या अर्थकारणाला धरून असल्यामुळे सूतकताईपेक्षा टिकाऊ ठरला, असे म्हणता येते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला ‘कार्यानुभव’ राज्यभर पोहोचला खरा, पण बहुतेक शाळांत तो कागदी फुले आणि खडूच्या डब्यांपलीकडे गेला नाही.

आश्रमात मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची निवासी पदविकाही चालते. शाळा सुटलेली, नापास झालेली मुलेही तिथे येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिला मान्यता आहे. याच आवारात २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. तिचे प्रवर्तक नील गर्शेनफेल्ड एमआयटीत ‘जवळपास काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम १९९८ पासून शिकवत होते. आधी वस्तू बनवायची आणि अडेल तिथे सिद्धान्त शिकायचा, ही त्याची रीत पाबळच्या निदेशकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. दहावी नापास मुलगा आणि एमआयटीचा पदव्युत्तर विद्यार्थी एकाच रीतीने शिकतात, हे मात्र आपल्या शिक्षणखात्यांना पचायला जड गेले.

विद्यापीठीय पातळीवरचा जवळचा प्रयोग मुंबई आयआयटीच्या ग्रामीण तंत्रज्ञान पर्यायांच्या केंद्रात (‘सितारा’) झाला. विद्यार्थ्यांनी गावात जाऊन नळपाणी योजना, चुली, एसटीच्या फेऱ्या अशा प्रश्नांचा अभ्यास करायचा आणि त्या अहवालावर श्रेयांक मिळवायचे. २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे राज्याने ही पद्धत अभियांत्रिकी महाविद्यालयांपुढे ठेवली. आयआयटीच्या याच वर्तुळातून पुढे आलेले गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाचे गणित नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वापरले गेले. या प्रकल्पात मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांबरोबर हिंगोलीही आहे. पडलेला पाऊस, वाहून गेलेले, मुरलेले आणि पिकाने घेतलेले पाणी मोजायचे, ही आठवीच्या बेरीज-वजाबाकीची मोठी आवृत्तीच आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या विषयासाठी सामग्री शोधावी लागत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांत हळद हे मोठे पीक आहे. शिजवून वाळवलेली हळद ओल्या वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकीच उरते. उष्णता, बाष्पीभवन, शेकडेवारी, सरपणाचा खर्च आणि मोंढ्यातला भाव असे धडे एका कढईत मावतात. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील आणि त्यांतल्या निर्वात नळ्या जोडणे हे अतिसूक्ष्म कसोटीचे का होईना, वेल्डिंगचेच काम आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. पाबळच्या अभ्यासक्रमात हा काळ आठवड्याला एक दिवस, सलग तीन वर्षे असा आहे.