आसदगड: एक नाव, अनेक हात

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठी उभे असलेले बुरूज आसदगडाचे म्हणून ओळखले जातात. नाव एकाचे असले तरी हा कोट अनेकांनी उभारला.

त्याचे मूळ लोककथेत सापडते. अकोलसिंग नावाच्या कोणी इथे सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिले, ही भूमी शूरांची म्हणून तिच्याभोवती मातीचा कोट घातला, असे सांगतात. हीच कथा विजयनगर आणि अहमदाबादबद्दलही आहे, त्यामुळे ती इतिहास म्हणून धरता येत नाही. लेखी धागा औरंगजेबाच्या काळापासून मिळतो. त्याचा वजीर आसदखान याच्याकडे अकोला होते. १६९७च्या सुमारास त्याने कोट पक्का केला आणि गडाला त्याचे नाव मिळाले. पण ईदगाहवरचा फारसी शिलालेख बांधकामाचे श्रेय ख्वाजा अब्दुल लतीफ याला देतो. आगरवेशीवर तर मराठी लेख आहे. त्यात १८४३ साल आणि गोविंद आप्पाजीचे नाव येते. तेव्हा वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता.

या दोन लेखांच्या मधल्या काळात, १८०३ साली, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्यात पडला. त्यानंतर २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १८५३मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे विलायतेतल्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. १८६७ साली रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. बाजारपेठेचे नशीब आता वेशीपेक्षा स्टेशनशी बांधले गेले. १८७०च्या सुमारास इंग्रजांनी गडाचा बराच भाग पाडला. गडाचा मधला भाग, म्हणजे हवाखाना, पुढे शाळेसाठी वापरात होता, अशी नोंद १९१०च्या गॅझेटियरमध्ये आहे.

कोट आणि बाजारपेठ यांचे नाते इतरत्रही दिसते. शेजारच्या अमरावतीचा परकोट १८०७मध्ये सुरू झाला, तो पेंढाऱ्यांपासून पेठेचे रक्षण करण्यासाठी.

आसदगड असा अनेकांच्या हातांनी घडला, म्हणूनच त्याच्या जतनात केवळ चुना-दगडाची डागडुजी पुरेशी नाही. फारसी आणि मराठी, दोन्ही लेखांची नीट नक्कल आणि मराठी वाचन त्या त्या लेखापाशीच लावले पाहिजे. अकोल्यातल्या मुलांना आसदखानाबरोबर अब्दुल लतीफ आणि गोविंद आप्पाजी ही नावेही माहीत व्हायला हवीत, कारण तट उभा राहिला तो त्यांच्याही हातांनी.