मलकापूर, मुरूम आणि अडतीस दिवस

१७०२ सालच्या जून महिन्याच्या १० तारखेस औरंगजेबाची छावणी विशाळगडाखालून हलली आणि १७ जुलै रोजी पन्हाळ्यास पोहोचली. जदुनाथ सरकारांनी हिशेब मांडून ठेवला आहे : अंतर तीस मैल, दिवस अडतीस. याच दोन गडांमधले अंतर १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज आणि त्यांच्यासोबतचे सुमारे सहाशे लोक, उलट दिशेने पण त्याच ऋतूत, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग एवढ्या अवधीत चालून गेले होते.

बखरवाङ्मय शिकवताना आम्ही मराठीचे अध्यापक घोडखिंडीपाशी थांबतो. बाजीप्रभू, बांदलांचे लोक, तोफांचे आवाज. खिंडीपर्यंतची वाट हा आमच्या दृष्टीने दोन वाक्यांचा विषय असतो : पाऊस, चिखल, अंधार, की लगेच खिंड. एवढा चिखल होता तर माणसे पालखी घेऊन एवढ्या वेगाने गेली कशी, हे विद्यार्थी विचारीत नाहीत आणि आम्हीही स्वतःला कधी विचारले नव्हते. तो प्रश्न आमच्या डोक्यात शिरला सायकलीमुळे. परदेशात ज्याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात, म्हणजे रुंद टायरांच्या सायकली घेऊन डांबराबाहेरच्या खडीच्या, मुरमाच्या वाटांनी हिंडणे, त्याचे वेड आम्हांला उशिराच लागले. मलकापुरात मुक्काम ठेवून आजूबाजूच्या वाटा धुंडाळाव्यात, एवढाच बेत होता.

पहिला धडा श्रावणात मिळाला. मलकापूरच्या भोवती नदीकाठची सपाटी आहे, भाताची खाचरे आहेत. खाचरांच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटेवर आम्ही सायकली घातल्या आणि शंभर पावलांत चाके फिरेनाशी झाली. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये चिकण माती गच्च बसली होती. काडीने ती उकरायची, चार पावले ढकलायचे, पुन्हा उकरायची. दुसऱ्या दिवशी मसाई पठारावर गेलो. पाऊस तोच, किंबहुना अधिक. पठारावर पाणी साचले होते, जांभ्यावर शेवाळ धरले होते, एक जण सपशेल आडवाही झाला. पण चाक कुठे रुतले म्हणून नाही. मातीचा थर बोटभर, त्याखाली तांबडा सच्छिद्र दगड. पाणी वरून वाहून जाते किंवा आत मुरते, तळाशी दगड तो दगडच राहतो.

या दगडाला जगभर जे ‘लॅटराइट’ नाव आहे ते फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून दिले. आपल्याकडे त्याला जांभा म्हणतात आणि कोकणी माणूस त्याचे चिरे काढून घर बांधतो. काळ्या कातळाच्या थरांवर जांभ्याची टोपी, असे या भागातल्या उंच पठारांचे रूप आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडे खडूच्या दगडाच्या लांबच लांब टेकड्या आहेत. तिथली ‘रिजवे’ नावाची फार जुनी वाट अशीच टेकड्यांच्या माथ्यावरून जाते, कारण माथा कोरडा राहतो आणि दऱ्यांत चिखल असतो. आज हौशी सायकलस्वार तिच्यावरून जातात ते वाट निसर्गरम्य आहे म्हणून. ती पाडणाऱ्यांना मात्र पाय कोरडे हवे होते.

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारा डोंगराचा कणा दक्षिणेस कासारीचे आणि उत्तरेस वारणा-कडवीचे पाणी वेगळे करतो. परंपरेने सांगितली जाणारी १६६० ची वाट पन्हाळ्याहून निघते ती प्रथम मसाई पठारावर चढते आणि मग खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी अशा वाड्यांतून म्हसवडे, पांढरपाणी असे करीत खिंडीकडे जाते. ती अखंड माथ्यावर राहत नाही. मध्ये ओढे आहेत, खाचरे आहेत, गच्च रान आहे. तरीही सुरुवातीचा, म्हणजे वेढ्यातून सुटल्यानंतरचा सर्वांत निकडीचा टप्पा जांभ्यावरून जातो, आणि तेथे चालणाऱ्याचा वेग मोडत नाही. ही निवड केवळ आडवाट म्हणून झाली असेल असे आम्हांला वाटत नाही. वाट ठरवणाऱ्यांना कोणती जमीन पावसात धरते आणि कोणती गिळते हे ठाऊक होते. आमचा हा निष्कर्ष कागदपत्रांवर उभा नाही, दोन पावसाळ्यांतल्या चाकांवर उभा आहे. इतिहासकारांनी तो त्याच किमतीला घ्यावा.

औरंगजेबाला ही निवड उपलब्धच नव्हती. १७०१ च्या अखेरीस तो विशाळगडाकडे निघाला तेव्हा त्याचा मुक्काम मलकापुरास पडला, आणि फत्तेउल्लाखानाने कुऱ्हाडवाले व पाथरवट लावून आंबा घाटाची वाट मोकळी करीपर्यंत त्याला तेथे थांबावे लागले. तोफा, उंट, हत्ती, बाजार, जनाना असे चालते शहर डोंगराच्या कण्यावरून जात नाही. त्याला दरीतली रुंद वाट लागते. आणि दरीतली वाट उन्हाळ्यात राजमार्ग असली तरी आषाढात ती नदी असते. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी रक्कम घेऊन जूनच्या प्रारंभी गड सोडला. बादशहाने त्याचे नाव ‘सख्खरलाना’ ठेवले आणि तो भर पावसात परत फिरला. पुढचे हाल साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त वाचावेत. दरबारी लेखक असूनही त्याला ते झाकता आलेले नाहीत.

या रानाने दिलेला हा पहिला तडाखा नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावरच, चालून आला. शिर्क्यांनी वाटाड्या होऊन त्याच्या फौजेला दाट जंगलात नेले आणि तेथे ती कापली गेली, असे फेरिश्ता सांगतो.

मलकापूर मोठे झाले ते पराभवानंतर. विशाळगडची जहागीर कोल्हापूरकरांनी परशुरामपंतांचे पुत्र कृष्णाजी यांच्याकडे दिली होती आणि प्रतिनिधींचे ठाणे गडावर होते. १८४४ मध्ये गडकऱ्यांचे बंड झाले, इंग्रजांनी गडाची तटबंदी मोडली आणि जहागिरीचे ठाणे खाली मलकापुरास आले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते तसेच राहिले. गडाचे दिवस संपले आणि रस्त्यावरच्या गावाचे सुरू झाले, असे या बदलाचे वर्णन करता येईल. कारभाराला आता दुर्गमता नको होती, गाडी येणे हवे होते. आजही मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे गाव म्हणूनच ओळखले जाते, आणि एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला विशाळगडच्या राजधानीत आपण उभे आहोत याची कल्पना नसते.

या रस्त्याचे रुंदीकरण पाहताना आम्ही तक्रार करणार नाही. आजारी माणसाला कोल्हापूरला नेण्याची वेळ आली म्हणजे रस्त्याची किंमत कळते, आणि वाड्यांवरच्या लोकांनी आमच्या सायकलींसाठी मुरमात राहावे असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण डांबराखाली गेलेली वाट काही सांगत नाही. तिच्यावर चिकण कुठे संपते आणि जांभा कुठे सुरू होतो हे पायाला कळत नाही. जुलैतल्या पदभ्रमंतीला येणारी शेकडो मुले वर्षागणिक अधिकाधिक डांबरावरून चालतात, आणि वाटेवरच्या फलकांवर लढाई असते, जमीन नसते. आम्हा सायकलवाल्यांचेही पाय धुतल्या तांदळासारखे नाहीत. मसाई पठाराचा काही भाग आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या बोटभर मातीत पावसाळ्यात जी इवली फुले येतात ती एका चाकोरीने जातात, म्हणून मळलेली वाट सोडून पठारभर सायकली फिरवणाऱ्यांना आम्ही आता हटकतो. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केले होते.

गेल्या कार्तिकात पांढरपाण्याच्या अलीकडे एका वाडीपाशी पाणी मागितले. पाणी देणाऱ्या आजींनी सायकलींकडे पाहून विचारले, “पावसात कशापाई येत न्हाई? तवा तर लई माणसं येत्यात.” पावसातही आलो होतो, खालच्या अंगाने, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “खालनं कोन येतंय पावसात?”