झील धरणाऱ्यांचे गाणे : शहादा परिसरातील एक परंपरा

घडलेल्या प्रसंगाची हकिगत गाऊन सांगणारे दीर्घ कवन म्हणजे पोवाडा. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदासाचा हे दोन पोवाडे शिवकालातले मानले जातात. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला, तरी त्याआधी दोन शतकांहून अधिक काळ ही कवने मुख्यतः तोंडी परंपरेनेच टिकून राहिली होती. या टिकाऊपणाचे कारण वर्ण्यविषयात जेवढे आहे तेवढेच गायनाच्या घडणीतही आहे. डफ घेतलेला शाहीर कथा पुढे नेतो आणि मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे त्याचा शेवटचा चरण उचलून धरणारे साथीदार, तुणतुणे व झांजेच्या साथीने ती श्रोत्यांच्या मनावर ठसवतात. एकाने सांगावे आणि अनेकांनी उचलून धरावे, हा या गायनाचा पाया आहे.

गोमाई नदीकाठच्या शहाद्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या त्याच्या परिसरात याच पायावर, परंतु निराळ्या वाटेने, सामूहिक गायनाची परंपरा वाढली. तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला भरणाऱ्या, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या यात्रेत तमाशाचे फड उतरत आणि तेथे शाहिरी बाजाचे गाणे लोकांच्या कानावर पडे. भिल्ल, पावरा आदी समाजांत मात्र सर्वांनी मिळून म्हणावयाच्या गाण्याचा एक प्रवाह आरती व भजनाच्या रूपाने रुजला. 1938 मध्ये शेजारच्या तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुला महाराजांनी व्यसनमुक्तीचा आणि स्वच्छ राहणीचा उपदेश सुरू केला, तेव्हा त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, तरी बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे चालवले. एकमेकांना ‘आप’ म्हणून संबोधण्याची रीत या पंथाने घालून दिली. ज्यांना एरवी अरेतुरे ऐकावे लागे, त्यांच्या दृष्टीने या एका शब्दाला मोठा अर्थ होता.

पुढच्या पिढीत हा प्रवाह जमिनीच्या प्रश्नाला येऊन मिळाला. कर्ज, गहाणखत आणि फसवणूक यांमुळे अनेक आदिवासी कुटुंबांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या आणि त्यांतील कित्येक जण सालदार, म्हणजे वर्षभराच्या कराराने एका शेतमालकाकडे राबणारे गडी, झाले होते. त्यांना संघटित करणारे अंबरसिंग सुरतवंती हे भजन गाणारे होते आणि लोक त्यांना महाराज म्हणत, ही बाब केवळ चरित्रातील तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कारण भजनी मंडळ ज्या गावात पोहोचे त्या गावात सभेला जमण्याची सवय आधीच झालेली असे. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि दारूबंदीसाठी स्त्रियांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. मोर्चे आणि शिबिरे यांतून गाणी म्हटली जाऊ लागली तेव्हा विषय बदलला, भाषा बदलली, परंतु पुढच्याने सांगावे व मागच्यांनी उचलावे ही घडण तशीच राहिली. अंबरसिंग महाराजांचे 1974 मध्ये निधन झाले, तरी गाणे त्यांच्यापाशी थांबले नाही.

पोवाड्याच्या इतिहासात शाहिराचे आणि नायकाचे नाव राहिले, झीलकऱ्यांची नावे बहुधा राहिली नाहीत. या चळवळीतून घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून कोणी सांगावे, हाच प्रश्न मांडला. आजवर मागे उभे राहून झील धरणारा माणूस त्या प्रश्नाने पुढे येतो आणि शहाद्याच्या या परंपरेचे वेगळेपण तेथेच स्पष्ट होते.